"तुम्ही बसा"

आज दुपारी चुलत काकांच्या पंच्याहत्तरीला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं तापलंय. कुणावर ओरडायचं ते कळेना म्हणून इथं लिहितेय.

कार्यक्रम चांगला झाला. 75 दिव्यांनी ओवाळलं, माणसं आपली, जेवण झकास. शेवटी दोन्ही मुलांनी मिळून काकांना भेट दिली. रिबीन बांधलेली आरामखुर्ची. बटण दाबलं की मागं कलते, पाय आपोआप वर येतात, पाठीला मसाज होतो. थोरल्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "अप्पा, जन्मभर लई राबलासा. आता काय करायचं नाही. फक्त बसायचं." हॉलभर टाळ्या.

माझे हात उठले नाहीत. काकांना त्या खुर्चीत बसवून फोटो काढत होते आणि मला समोर आण्णांची किटली दिसत होती.

हे काका म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर उभं राहिलेला माणूस. परवापरवापर्यंत राजारामपुरीतून चालत कपिलतीर्थ मंडईत जाऊन भाजी आणायचे. भेंडीचं टोक मोडून बघायचे, भाजीवालीशी दोन रुपयांवरून वाद घालायचे, दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन परत. जेवताना मी शेजारी बसले होते. विचारलं, "काका, मंडईला जातासा न्हवं अजून?" म्हणाले, "न्हाई गं. पोरांनी मोबाईलवर लावलंय. दारात येती." आणि ताटातल्या जिलेबीकडं बघत बसले.

माझे वडील, आण्णा. जुन्या मित्रमंडळींतल्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलंय. तरुणपणी तालमीत गेलेले, पुढं शाहू मिलमध्ये नोकरी, घर शिवाजी पेठेत. 78 वर्षांचे होईपर्यंत रोज संध्याकाळी जर्मनची किटली घेऊन गंगावेशीला दुधाला जायचे. उभ्या मारुतीवरून, रंकाळा वेशीवरून. कट्ट्यावर म्हैस समोर पिळायची, तिथंच एक ग्लास धारोष्ण प्यायचा, लिटरभर किटलीत घ्यायचं, चार ओळखीच्यांशी ऊस, पाऊस, फुटबॉल सगळं बोलायचं आणि परत. जाऊन येऊन दीड तास. सकाळी दाराची चौकट धरून वीस बैठका. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तालमीची सवय अंगात मुरलेली.

एका पावसाळ्यात रस्त्यावर पाय घसरून पडले. कोपर खरचटलं, किटलीला पोचा आला. बस, एवढंच. हाडाला काही नाही. पण मी आणि दादानं रात्री बसून ठरवलं, आता पुरे. दुसऱ्या दिवसापासून पिशवीचं दूध दारात. मीच त्यांना म्हणाले, "आण्णा, आता तुम्ही बसा निवांत. लई केलंसा आमच्यासाठी."

ते काही बोलले नाहीत. किटली धुतली, पुसली आणि खुंटीला अडकवली.

चार महिन्यांत त्यांचं पाऊल आखूड झालं. उचलून टाकायचे ते घासायला लागले. भिंतीला हात लावून चालणं सुरू झालं, मग चौकटीच्या बैठका बंद झाल्या. आम्ही म्हणायचो, वय झालं. वय! चार महिन्यांपूर्वी गंगावेशीला जाऊन येणाऱ्या माणसाचं वय चार महिन्यांत वीस वर्षांनी वाढलं होय? मग एका रात्री न्हाणीघराकडं जाताना पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, अंथरूण धरलं, आणि आठ महिन्यांत गेले.

नंतर ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला समजावून सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. चांगली धडधाकट म्हातारी माणसंसुद्धा दहा दिवस अंथरुणाला खिळून राहिली तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ किलोभर मांस उतरतं. दहा दिवसांत! तिशीनंतर स्नायू असेही दर वर्षाला थोडे थोडे झडतच असतात, साठीनंतर तो वेग वाढतो. तोल सांभाळायचं काम हेच पायांचे आणि कमरेचे स्नायू करतात. हाडांवर वजन पडत राहिलं तर हाडं टिकतात, नाहीतर तीही ठिसूळ होत जातात. म्हणजे पडू नयेत म्हणून आम्ही त्यांना बसवलं, आणि बसवलं म्हणून ते पडले. मी बसवलं. दादाला कशाला दोष देऊ, बोलणारी मी होते.

म्हणून आज त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत.

आपल्याला काय झालंय, सांगा बरं? हे कोल्हापूर आहे. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं ते गाव. 1959 साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे याच गावात राहिले. पेठेपेठेत तालीम, आणि प्रत्येक तालमीत पांढऱ्या मिशीचा वस्ताद हौद्याच्या कडेला उभा राहून पोरांचे जोर मोजतो, चुकलं तर स्वतः लंगोट कसून मातीत उतरतो. त्याला कुणी "वस्ताद, बसा" म्हणतं का? हिंमत आहे का कुणाची? मग तोच नियम घरातल्या बापाला का लागू नाही? आईला का नाही?

आईचं तर विचारूच नका. सून चांगली असली की सासूच्या हातातली कणकेची परात पहिली जाते. "आई, मी करते, तुम्ही बसा." माझी सूनही म्हणते. मनापासून म्हणते, गुणी आहे पोरगी. पण मी तिला स्पष्ट सांगितलंय, परात माझी, पाण्याची घागर माझी, आणि गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे माझे. पहिल्यांदा तिला वाटलं मी रागावले. आता कळलंय तिला.

आषाढी एकादशीला नंदवाळच्या दिंडीत एकदा जाऊन बघा. कोल्हापुरातून पायी. सत्तरीच्या, पंच्याहत्तरीच्या बायका, डोक्यावर तुळस, पायांत साध्या चपला नाहीतर तेही नाही, पावसात भिजत पुईखडीचा चढ चढतात. रिंगणात फुगडी घालतात. मागच्या खेपेला माझ्यापुढं एक आजी होत्या, पाठीत वाकलेल्या. मी दमून थांबले तर मलाच म्हणाल्या, "चल गं बाई, थांबलीस की पाय आखडत्यात." रोज शेतात उठबस करणारी बाई. तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही. शहरातल्या आपल्या माणसांनाच आपण खुर्च्या भेट देतो.

हां, मान्य. ज्याच्या गुडघ्याची पार वाट लागलीय त्याला जोतिबाच्या पायऱ्या चढायला लावू नका, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा. पण डॉक्टरसुद्धा आता ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. झोपवून ठेवतो ते आपण.

आणि चालायचं तर चालायचं कुठं, हाही प्रश्न आहेच. रंकाळ्यावर सकाळी छान वाटतं, विद्यापीठाच्या आवारात झाडी आहे. पण तिथपर्यंत पोचायचं कसं? पदपथावर गाड्या लावलेल्या, फरशी उचकटलेली, चौकात सिग्नल सुटायच्या आत म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडता येत नाही आणि मागून हॉर्न वाजवणारी आपलीच पोरं. काल मिरजकर तिकटीला एका आजोबांवर एक मुलगा ओरडला, "ओ आजोबा, घरात बसा की!" लाज वाटली मला. त्या पोराचे आजोबा कुठं बसलेत कोण जाणे.

जाऊ दे. चहा घेऊन आले, जरा शांत झाले.

नुसतं चालून भागत नाही, हे मात्र सांगायलाच हवं, कारण मीही आधी तेच धरून बसले होते. रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या की झालं असं वाटायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आठवड्याला निदान 150 मिनिटं दम लागेल असं चालणं हवंच, शिवाय दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम, आणि 65 च्या पुढं तीन दिवस तोल सांभाळायचा सराव. ताकदीचा म्हणजे जिमच हवी असं नाही. आण्णांच्या चौकटीच्या बैठका म्हणजे ताकद. लिटरभराची किटली हातात घेऊन शिवाजी पेठ गाठणं म्हणजे ताकद. काकांच्या भाजीच्या दोन पिशव्या म्हणजे दोन डंबेल्सच की. ते हिसकावून घेतलं आणि वर मसाजची खुर्ची दिली.

त्या ताईंनी मला खुर्चीचाच एक व्यायाम शिकवला. साधी लाकडी, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर घडी करून, कशाला न टेकता, अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उठून पुन्हा बसता येतं ते मोजायचं. माझ्या वयाच्या बाईला बारा वेळा तरी जमायला हवं. मी 62 ची. पहिल्यांदा सातला मांड्या थरथरायला लागल्या. आज चौदा होतात. तोलासाठी ओट्याजवळ एका पायावर उभी राहते, चहाला उकळी येईपर्यंत. कधी डावा, कधी उजवा. घरातल्यांना आता सवय झालीय.

खाण्याचंही तेच. साठी झाली की आपण माणसाला मऊ भात आणि मुगाची खिचडी सुरू करतो. "हलकं खावा, आता पचायचं नाही." अहो, स्नायू टिकवायला म्हाताऱ्या माणसाला प्रथिनं तरुणापेक्षा कमी नाही, जास्त लागतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागं एक ग्रॅम, त्याहून थोडी अधिकच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विचारून खावं, बाकीच्यांना अंडं द्या, मटण द्या, उसळ द्या. तिखट सोसत नसेल तर तांबडा राहू दे, पांढरा रस्सा वाढा. आण्णांचा दुधाचा ग्लासही आम्ही शेवटी बंद केला होता. कफ होतो म्हणून. कुणी सांगितलं होतं आम्हाला? कुणीच नाही.

काकांच्या पोरांशी मला भांडायचं नाही. चांगली आहेत ती. स्वतःच्या घराचे हप्ते फेडता फेडता बापासाठी एवढी महागाची वस्तू घेतली, प्रेमापोटीच घेतली. मीही प्रेमापोटीच दूध दारात आणलं होतं. थोरला ही पोस्ट वाचेल, मला माहितीय. वाच बाळा. खुर्ची परत देऊ नकोस, राहू दे, दुपारी तास-दोन तास पडतील तिच्यावर. फक्त ते भाजीचं बंद कर. किडकी भेंडी आली तरी चालेल, उशीर झाला तरी चालेल. आणि पडले, खरचटलं, तर मलम लाव आणि परत पाठव.

आण्णांची किटली माझ्याकडंच आहे. दादाला मोडीत टाकायची होती, मी आणली. पोचा तसाच आहे. कडीवरची लाकडी मूठ एका बाजूनं झिजलीय, बरोबर त्यांची चार बोटं बसायची तिथं. मी हातात धरली की माझी बोटं त्या खाचांत सैल पडतात.

हे लिहिता लिहिता काकांचा फोन येऊन गेला. कार्यक्रमात नीट बोलणं झालं नाही म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आण्णाची किटली हाय का गं अजून?" आहे म्हटलं. "उद्या संध्याकाळी येतो मग तुझ्याकडं. गंगावेशीला जाऊन येऊ दोघं."

राजारामपुरीतून शिवाजी पेठ. "काका, रिक्षानं या" अगदी जिभेवर आलं होतं.

"या," म्हटलं. "मी किटली घासून ठेवते."