टॅक्सवरची टीप

न्यू जर्सीत राहून आता बरीच वर्षं झाली, बर्फातून गाडी काढता येते, पार्कवेची एक्झिट चुकत नाही, पण जेवण झाल्यावर ते काळं रेक्झिनचं फोल्डर टेबलावर आलं की अजूनही पोटात गोळा येतो. बिलाचं काही नाही हो, बिल छापलेलं असतं. खाली टीप लिहायला जी रिकामी ओळ असते ना, ती घाम काढते. पंधरा टक्के दिले की वेटरला वाटतं काहीतरी बिनसलं, अठरा म्हणजे काठावर पास, वीस दिले की तो हसतो आणि बायको विचारते एवढे कशाला दिलेस.

माझ्या मेहुण्याकडे यावर रामबाण उपाय होता. तो मॅनहॅटनला राहतो, तिथे सेल्स टॅक्स 8.875 टक्के, त्यामुळे बिलावरच्या टॅक्सची दुप्पट केली की झाली पावणेअठरा टक्के टीप, कॅल्क्युलेटर नको की काही नको. ही युक्ती अर्ध्या न्यूयॉर्कला माहितीये, पण मेहुणा सांगायचा अशी की आर्यभटानंतर गणितात त्यानेच काय ते केलं. तर एकदा तो आमच्याकडे एडिसनला आला, ओक ट्री रोडवर जेवायला गेलो, मी देतो मी देतो करत त्याने फोल्डर ओढून घेतलं आणि सवयीने टॅक्सची दुप्पट लिहून मोकळा झाला. आता जर्सीचा टॅक्स 6.625. दुप्पट म्हणजे सव्वातेरा! इथे तिप्पट करावी लागते. वेटरने फोल्डर उघडून बघितलं, मग मेहुण्याकडे बघितलं, आणि उरलेली भाजी पॅक करून आणतो म्हणाला होता, तो जो गेला तो गेलाच. बायकोने भावाची नजर चुकवून ताटाखाली पाच डॉलरची नोट सरकवली. भाऊ कोणाचा!

मग साताऱ्याहून बाबा आले. त्यांची सगळी नोकरी हिशेब खात्यात गेलेली, पावकी, निमकी, दिडकी, औटकी अजून तोंडपाठ. पहिल्यांदाच डोसे खायला नेलं, बिल झालं 86.40. मी फोन अनलॉक करेपर्यंत बाबा म्हणाले, "पंधरा टक्के ना? दहावा हिस्सा आठ चौसष्ट, त्याची दिडकी बारा शहाण्णव." म्हणलं बाबा, हल्ली अठरा देतात. तर म्हणे, "पंधराच दे, हिशेबाला बरं पडतं."

पण बिलाच्या खाली हॉटेलवाल्यांनी आपल्या सोयीसाठी आकडे छापलेले असतात, 18 टक्के म्हणजे इतके, 20 म्हणजे इतके. अठरासमोर लिहिलं होतं 16.58. बाबांनी शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलं, पेपर नॅपकिन उलटा केला आणि मांडणी सुरू. उत्तर आलं 15.55. "एक डॉलर तीन सेंट जास्त लावलेत." जाऊ दे ना बाबा म्हणलं, लोक उभे आहेत टेबलासाठी. जाऊ दे कसलं, त्यांनी फरक शोधूनच काढला, टीप टॅक्ससकट बेरजेवर लावली होती. "म्हणजे सरकारने आपल्याकडून टॅक्स घेतला आणि त्याबद्दल वेटरला बक्षिसी? टॅक्स काय त्याने वाढला?"

घरी येताना गाडीत मी त्यांना समजावायला गेलो की बाबा, इथे वेटरचं पोट टिपेवर चालतं. फेडरल कायद्यात टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने तासाला किमान 2.13 डॉलर द्यायचे, 1991 पासून आकडा तोच, टीप धरून किमान वेतनाचे 7.25 झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा. काही राज्यांत जास्त देतात, आमच्या जर्सीतही जास्त आहे, कॅलिफोर्नियात तर वेटरला कमी पगार द्यायची सवलतच नाही (टीप मात्र तिकडेही तेवढीच लागते, ते कोडं मला आजवर सुटलेलं नाही). बाबा म्हणाले, "1991? म्हणजे मनमोहन सिंगांच्या बजेटचं साल. आपल्याकडे तेव्हापासून सगळं बदललं, आणि ह्यांनी पगारवाढ गिऱ्हाइकावर सोडली? आणि वर टक्केवारी का? पाण्याचा ग्लास आणायला जेवढी पावलं तेवढीच वाईनचा आणायला." याला काय उत्तर देणार. मग मी सांगितलं की 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपेवर चक्क कायद्याने बंदी घातली होती, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी घातली, पण 1926 पर्यंत सगळे कायदे गुंडाळले. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपण उशिरा आलो."

आता कोणी म्हणेल म्हातारा चिकट आहे. अजिबात नाही. दिवाळीला पोस्टमन, वॉचमन, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, सगळ्यांची पोस्त पाकिटात घालून तयार असते, आणि कोणाचं पोरगं कितवीत आहे तेही माहीत असतं. हॉटेलातही बडीशेपेच्या बशीत सुट्टे ठेवतातच, पण ते टक्क्याने नाही, जे परत आलं त्यातलं. आता सगळे यूपीआयने देतात, सुट्टे परतच येत नाहीत, त्यामुळे बशीत नुसती बडीशेप उरलीये. आणि सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही हे 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं, त्या बातमीचं कात्रण बाबांच्या पाकिटात आहे. एडिसनच्या मॅनेजरला दाखवायला काढलं होतं, मी हात धरला.

टीप एकवेळ परवडली, पण ग्रुपमध्ये बिल वाटायचं म्हणजे भाऊबंदकीच. चार कुटुंबं, एकाचा सोमवार म्हणून नुसती लस्सी, दोघं मटण, एकाच्या पोरीने नूडल्स मागवून टाकून दिल्या, आणि एकाने घरून आणलेली वाईन सगळ्यांनी प्यायली तिचं काय करायचं? (जर्सीत दारूचं लायसन्स इतकं महाग की बऱ्याच हॉटेलांत बाटली आपली आपणच न्यायची असते.) आधी दहा मिनिटं सगळे "अरे ठेव रे, मी देतो" करत क्रेडिट कार्डं वेटरच्या तोंडासमोर नाचवणार, आणि हे नाटक झालं की आमच्यातला एक जण फोनवर स्प्लिटवाइज, म्हणजे खर्च वाटायचं ॲप, उघडणार. त्यात सहाच्या वर माणसं असली की बऱ्याच ठिकाणी अठरा टक्के आधीच लावलेले असतात, ते बारीक अक्षरात, आणि खाली टिपेची ओळ परत रिकामी. दोनदा टीप देऊन बसलेली माणसं माझ्या ओळखीत भरपूर आहेत, कबूल कोणी करत नाही. सोमवारवाल्याला लस्सीचे एकोणीस डॉलर पडले तेव्हापासून तो फक्त रविवारी येतो.

भाऊ माझा म्युनिकला असतो, तो म्हणतो जर्मनी म्हणजे सरकारमान्य टीटीएमएम. वेटर पैशाचं जाडजूड पाकीट घेऊन येतो आणि विचारतो एकत्र की वेगळं, मग प्रत्येकाने आपण काय खाल्लं ते सगळ्यांदेखत सांगायचं, टोपलीतले प्रेट्झेल किती उचलले तेसुद्धा, कारण ते फुकट नसतात, आणि टीप धरून जो आकडा होईल तो तोंडी सांगायचा. साडेअठराचे वीस म्हणा, विषय संपला. जपानला आत्या ग्रुप टूरने गेली होती, तिने टेबलावर ठेवलेले पैसे द्यायला वेटर रस्त्यापर्यंत पळत आला. बाबा ऐकून खूश, पण आत्या म्हणाली तिथल्या दारूच्या गुत्त्यांत बसल्याबसल्या न मागवलेली छोटी वाटी समोर येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. (आत्या गुत्त्यात काय करत होती हे कोणी विचारलं नाही.) "म्हणजे मागत नाहीत, कापून घेतात," बाबांनी निकाल दिला.

आता इथे नवीन फॅड म्हणजे तो फिरणारा टॅबलेट. बेकरीत पोरगी चिमट्याने मफिन उचलून पिशवीत टाकते, स्क्रीन आपल्याकडे वळवते आणि छताकडे बघत उभी राहते. 18, 20, 25, आणि नको वालं बटण खाली कोपऱ्यात फिक्या रंगात. मागचा माणूस आपल्या खांद्यावरून बघत असतो. मी वीस दाबतो. तत्त्वाने मी बाबांच्याच बाजूचा आहे, पण तत्त्व मागच्या माणसाला दिसत नाही.

बाबांना सोडायला नेवार्क एअरपोर्टला गेलो. त्यांना पाणी हवं होतं, दुकानात माणूस कोणीच नाही, बाटली आपण उचलायची, आपणच स्कॅन करायची. चार डॉलर. कार्ड लावायच्या आधी मशीनने विचारलं, टीप किती देणार? बाबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, काउंटरच्या मागेही वाकून बघितलं.

"बाटली मी आणली, मशीनला मी दाखवली, पिशवीत मी भरली," ते म्हणाले आणि माझ्यापुढे हात केला. मागे लाईन लागली होती. मी खिशातून एक डॉलर काढून दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चाराची पावकी एक. बरोबर आहे."