कयाकच्या डेकबद्दल फिरणारा तो मेसेज घातक आहे

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, घरच्या घरी निम्म्या खर्चात लाकडी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, बांधण्याचा. माझा भाचा देवबागला प्लायवूडची कयाक बांधतोय. खालचा भाग जोडून झालाय, आता डेक, म्हणजे वरचं झाकण, चढवायचा. नेमका तेव्हाच हा मेसेज त्याच्याकडे पोचला आणि त्याने मला विचारलं, "मामा, मग आतल्या आडव्या भिंती घालूच नको काय?"

मेसेज म्हणतो: डेक हा दिखावा, आपल्या होड्यांना कुठे असतो? डेकखाली आडव्या भिंती घालून केलेले बंद कप्पे उन्हात फुटतात, तेव्हा ते नकोतच. लाकूड तरंगतंच, बुडायची भीती नाही. कुठलाही 'वॉटरप्रूफ' प्लाय चालतो. डेक सपाट ठेवा. आतून काही लावू नका, कुणाला दिसतंय?

'लाकूड तरंगतंच' हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदा तरी हिशेब करायला हवा होता. आपल्याकडचा मरीन प्लाय जड असतो, लिटरमागे साधारण सातशे ग्रॅम. पंचवीस किलोची कयाक पूर्ण पाण्याखाली गेली तर ते लाकूड वर उचलणार जेमतेम दहा किलो. त्यातून इपॉक्सी (लाकडावर चढवायची राळ) आणि ग्लासचा कपडा (काचेच्या धाग्यांचं कापड) हे दोन्ही पाण्यात बुडणारे, म्हणजे तेवढेही नाहीत. होडी स्वतःपुरती तरंगेल, माणसाला पेलणार नाही. पाच मीटरच्या कयाकमध्ये तीनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे तीनशे किलो. मधे भिंत नसेल तर ते सगळं एका टोकाला धावतं, ते टोक खाली जातं आणि दुसरं टोक आभाळाकडे उभं राहतं. अशी कयाक पाण्यातल्या पाण्यात रिकामी करता येत नाही. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं, समोरून लाटा येतात, दुपारनंतर वायव्येचा वारा. तिथे उलटलेल्या पोराने काय धरायचं? पुढेमागे बंद कप्पे असले तर पाणी फक्त बसायच्या जागेत भरतं, होडी आडवी तरंगत राहते, मागच्या डेकवर छाती टेकून परत चढता येतं आणि पंपाने पाणी काढता येतं.

कप्पे उन्हात फुटतात, हे मात्र अर्धं खरं आहे. मान्य करतो. वाळूवर ठेवलेल्या कयाकमधली हवा तीस अंशांवरून साठवर गेली की तिचा दाब दहा टक्क्यांनी वाढतो, आणि ही वाढच डेकच्या दर चौरस मीटरला जवळपास एक टन भरते. सांधे उकलणारच. पण त्यावर उपाय म्हणजे भिंतीत वरच्या बाजूला दीड मिलिमीटरचं भोक, आणि किनाऱ्यावर आल्याबरोबर हॅचची, म्हणजे कप्प्यांच्या तोंडांची, झाकणं उघडणं. दीड मिलिमीटरच्या भोकाने जे भागतं त्यासाठी अख्खी भिंतच काढायला सांगायची?

आता प्लाय. दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफ'वर जाऊ नका, शिक्क्यावर आयएस 710 आहे का ते बघा. भारतीय मानकाप्रमाणे मरीन प्लायचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. शिक्काही खोटा असू शकतो, म्हणून भाच्याला उरलेला तुकडा टोपात घालून उकळायला लावला. काही तासांत कडेला बोटाचं नख शिरेल एवढी फट पडली आणि मधल्या थरात चक्क पोकळी निघाली. असा प्लाय डेकच्या कमानीवर वाकवला की त्या पोकळीवरच मोडतो. तो त्याने परत केला.

सपाट डेक सोपा पडतो, खरंय. पण चार मिलिमीटरचा सपाट प्लाय वजनाने दबतो आणि त्यावर पाणी साचून राहतं. तोच आडव्या कमानींवर वाकवून बसवला की ताठ होतो, लाट निथळून जाते, गुडघ्यांनाही जागा मिळते. चढताना सगळं वजन मागच्या डेकवर येतं, तिथे खाली एक कमान हवीच.

आपल्या होड्यांना डेक नसतो, कारण त्या रुंद आणि उंच काठाच्या असतात, कुणाला उलांडी (तोल सांभाळणारा बाजूचा तरंगता ओंडका) असते. कयाक जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद, आणि माणूस तळाशी बसलेला. आर्क्टिकमधल्या इनुइटांच्या कयाक पहिल्यापासून वरून कातड्याने बंद असत. 1865 साली इंग्लंडात जॉन मॅकग्रेगरने ओकच्या फळ्यांची 'रॉब रॉय' बांधून घेतली, तिलाही सीडारचा डेक होता. दिखाव्यासाठी नव्हे.

राहिलं आतून काही न लावणं. डेकच्या आतल्या बाजूला ग्लासचा कपडा नसला तरी बहुतेक चालतं, इपॉक्सी मात्र हवीच. लाकूड कुजवण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी पुढे, आणि आपल्याकडे चार महिने तेच. इपॉक्सीचे दोन-तीन हात डेक चिकटवायच्या आधीच द्या, कारण नंतर टोकांपर्यंत हात पोचत नाही. बाहेरून उन्हासाठी वर व्हार्निश किंवा रंग, आणि रंग फिकटच. काळा डेक कोकणातल्या उन्हात एवढा तापतो की घरी सुकवलेली इपॉक्सी मऊ पडते.