ग्लेझरला भेटायचं तर कोणत्या टेबलावर?

मॅनेजमेंटवर रागवायचं म्हटलं तर खानदेशातल्या माणसाला सहसा अडचण येत नाही. आमच्याकडे पतसंस्था आहेत, दूध सोसायट्या आहेत, विकास सोसायट्या आहेत, सूतगिरण्या आहेत (काही होत्या). प्रत्येकीला संचालक मंडळ आहे, आणि वर्षातून एकदा ते मंडळ गळ्यात हार घालून, पांढरी चादर अंथरलेल्या टेबलामागे आमच्या तावडीत सापडतं. वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणतात तिला. ज्याने ही सभा पाहिली नाही, त्याने लोकशाही नुसती नागरिकशास्त्रात वाचली असं समजावं.

दारातच सह्यांचं रजिस्टर आणि शेजारी जिलबी-चिवड्याचे पुडे. सहीशिवाय पुडा नाही, त्यामुळे कोरम लगेच भरतो. सचिव 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' म्हणायला उभे राहतात, आणि त्यांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत पुढच्या दोन रांगा 'मंजूर, मंजूर' म्हणून मोकळ्या होतात. त्या रांगा कोणी बसवल्या हे सगळ्यांना माहीत असतं. मग मागून, खांबाजवळून, एक जण उठतो. त्याला थकबाकीदारांची यादी हवी असते. अध्यक्ष हसून म्हणतात, "आपला मुद्दा ऐनवेळच्या विषयात घेऊ." तो माईककडे निघतो. माईक बंद पडतो. मग तो माईकशिवायच अध्यक्षांच्या मेहुण्यापासून सुरुवात करतो आणि जीपच्या डिझेलपर्यंत येऊन थांबतो. ठेव परत मिळत नाही, पण त्या रात्री त्या माणसाला शांत झोप लागते.

मला लागत नाही. मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा आहे आणि भुसावळला राहतो.

इंग्लंडात रात्री आठला सुरू होणारी मॅच आमच्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला लागते आणि थंडीत दीडला. त्या वेळी भुसावळात जागं असतं कोण? ड्युटीवरचा रेल्वे स्टाफ, आउटरला अडकलेल्या गाडीतले प्रवासी आणि मी. त्यातल्या पहिल्यांना ओव्हरटाइम तरी मिळतो. मी बायको उठू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून, दोन गोल खाऊन, तीन वाजता झोपतो. सकाळी ती चहा देताना फक्त माझ्या तोंडाकडे बघते आणि स्कोअर न विचारता म्हणते, "परत?"

लोकांना वाटतं मी खेळाडूंवर चिडतो. खेळाडूंचं मला काही नाही. पोरं आहेत, धावतात, दमतात, कधी कधी तर चेंडूसुद्धा लागतो त्यांना. माझा राग ऑफिसवर आहे. आमच्या घरी केबलवर फुटबॉल दिसायला लागलं तेव्हा टीमला मॅनेजर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन होते, आणि तेव्हा क्लबला ऑफिस असतं हेच मला ठाऊक नव्हतं. गरजच पडली नाही. २०१३ च्या मे महिन्यात साहेब विसावी लीग खात्यावर जमा करून निवृत्त झाले आणि ऑफिस दिसायला लागलं. त्यांच्या जागी डेव्हिड मोयेस सहा वर्षांच्या करारावर आले, दहाव्या महिन्यात गेले. व्हान गाल यांनी २०१६ साली एफए कप जिंकून दिला, दोन दिवसांनी त्यांना नारळ मिळाला. त्यानंतर आले-गेले त्यांची नावं घेत बसत नाही. तेन हाग यांचं मात्र सांगतो. त्यांनी २०२४ च्या मे महिन्यात कप जिंकला, ऑफिसने त्यांना ठेवायचं की नाही यावर भरपूर विचार केला, जुलैमध्ये करार वाढवून दिला आणि ऑक्टोबरमध्ये काढून टाकलं. त्यांना आणि त्यांच्या माणसांना मिळून भरपाई दिली १ कोटी ४ लाख पाउंड. त्याच जुलैत डॅन अ‍ॅशवर्थ नावाचे स्पोर्टिंग डायरेक्टर आले होते. तेही पाच महिन्यांत गेले. त्यांचे ४१ लाख पाउंड वेगळे.

आता हे सगळं मी बोलू कोणाशी? गांधी पुतळ्याजवळ उपोषणाला बसून क्लबच्या मालकाला, ग्लेझरला, काय फरक पडणार?

पहिला श्रोता मला अनपेक्षित ठिकाणी मिळाला. आमच्या शेजारचे नाना रेल्वेतून रिटायर झाले, सी अँड डब्ल्यूमधून. म्हणजे गाडी फलाटावर लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकं ठोकत जाणारी माणसं असतात ना, त्यातले. 'टण्ण' वाजलं तर चाक बरं, 'थद्द' वाजलं तर चाकात खोट. ती सवय अजून आहे. बोलताना समोरच्या टेबलावर बोटाने ठोकून बघतात. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता. एकदा मी सहज म्हणालो की ही टीम १८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ डेपोतल्या कॅरेज अँड वॅगनवाल्यांनी काढली.

नानांचं बोट टेबलावरच थांबलं.

"सी अँड डब्ल्यूच्या पोरांनी?"

"हो. न्यूटन हीथ नावानेच खेळायचे. १९०२ साली दिवाळं निघायची वेळ आली, तेव्हा एका दारू गाळणाऱ्या कारखानदाराने पैसे घातले आणि नाव बदललं."

"मंग आता कोनाची आहे?"

मी ग्लेझर सांगितला. अमेरिकेतला उद्योगपती, २००५ साली साधारण ७९ कोटी पाउंडांना क्लब घेतला.

"तुले सांगतो भो," नाना उठून उभे राहिले, "हे खाजगीकरन आहे!"

त्या दिवसापासून नाना माझ्यापेक्षा कडवे युनायटेडवाले झाले. ऑफसाइड त्यांना अजून कळत नाही, पण प्रशासन कळतं. २ मे २०२१ ला चाहते क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड स्टेडियममध्ये घुसले आणि लिव्हरपूलबरोबरची मॅच पुढे ढकलावी लागली, हे ऐकून त्यांना १९७४ चा संप आठवला. तेव्हा ते नुकतेच कामाला लागले होते. "याले म्हनतात आंदोलन," म्हणाले, "गाडी थांबल्याबिगर साहेब खाली उतरत नाही." मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचला पाऊस आला आणि स्टेडियमच्या छतातून धबधबा कोसळला, त्याचा व्हिडिओ दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आयओडब्ल्यूकडे कम्प्लेंट टाकली का?" क्वार्टरच्या गळतीसाठी आयुष्यभर ज्या ऑफिसात खेटे घातले, ते ऑफिस जगात सगळीकडे असणार असा त्यांचा विश्वास आहे.

पण नाना खरे पेटले कँटीनवरून. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीने क्लबचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग घेतला आणि काटकसर सुरू केली. अडीचशे लोकांना घरी पाठवलं, मग आणखी शे-दोनशे जणांची यादी आली. स्टेडियममधल्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवणाचं कँटीन बंद, त्याऐवजी फळं मिळणार अशी बातमी होती.

"फळं? कोन्ती?"

"ते लिहिलं नाही. केळी असतील."

रावेरमध्ये ज्याची अडीच एकर केळी आहे अशा माणसाला हे सांगायला नको होतं. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कामगारांच्या तोंडचं जेवन काढाचं आन केळं हातात द्याचं. आन ते तरी आपल्याकडून घेतलं का? नाही. कोन्त्या तरी इक्वेडोरहून आनलं असेल."

दुसरा श्रोता म्हणजे माझे सासरे. अमळनेरचे. अमळनेर म्हटल्यावर पुढचं खानदेशात सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: विप्रोचा जन्म १९४५ साली तिथे वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने झाला. गावातल्या अनेकांनी तेव्हा आणि नंतर शेअर घेतले, पेटीत ठेवले आणि विसरले नाहीत. त्यामुळे अमळनेरला काही घरांत बोनस म्हणजे दिवाळीचा नसतो, एकास एक असतो. सासऱ्यांना जगातली कोणतीही गोष्ट सांगा, ते आधी ताळेबंद मागतात.

मी त्यांना ग्लेझरचा व्यवहार समजावून सांगितला. क्लब विकत घ्यायला कर्ज काढलं, आणि त्यातलं बरंचसं कर्ज क्लबच्याच नावावर चढवलं. म्हणजे ज्या टीमवर २००५ पूर्वी कर्ज नव्हतं, ती तेव्हापासून स्वतःला विकत घेतल्याचं व्याज भरते आहे. माझा आवाज चढला होता. सासऱ्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"हुशार मानूस शे," ते म्हणाले.

"अहो मामा, टीम हरते आहे!"

"डिव्हिडंड कितला देस?"

काही वर्षं डिव्हिडंडही निघाला होता, हे मला सांगावं लागलं. सासऱ्यांनी मान हलवली. "टीम हारस, तरी डिव्हिडंड निघस. मंग तुमनी काय तक्रार शे?"

पोग्बा या खेळाडूच्या हिशेबावर मात्र तेही हलले. २०१२ साली करार संपून युव्हेंटसला गेला, २०१६ साली तोच आठ कोटी नव्वद लाख पाउंडांना परत आणला, तेव्हाच्या भावाने पावणेआठशे कोटी रुपयांच्या घरात, आणि २०२२ साली पुन्हा करार संपून फुकट गेला. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. २०१३ साली घेतलेल्या फेलेनीचं सांगितलं तेव्हा त्यांनी डायरी काढली. त्याच्या करारात दोन कोटी पस्तीस लाखांना सोडायचं कलम होतं, त्याची मुदत जुलैअखेर. आमच्या ऑफिसने जुलै जाऊ दिला, ऑगस्ट जाऊ दिला आणि खेळाडू खरेदीचा बाजार बंद व्हायच्या दिवशी दोन कोटी पंचाहत्तर लाख मोजले. "चाळीस लाख पाउंड," सासरे पुटपुटले, "नुसता तारीख इसरनात म्हनून?" त्यांनी आयुष्यात एकही तारीख चुकवलेली नाही, वीजबिलाची सुद्धा नाही.

मग त्यांनी मला अमळनेरी उपाय सुचवला. कंपनी २०१२ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे ना? मग शेअर घ्या, सभासद व्हा आणि सभेत उभं राहून विचारा. मला क्षणभर पुन्हा तो खांब दिसला, ते रजिस्टर, तो चिवड्याचा पुडा. मी मोबाइलवर कागदपत्रं शोधली. बाजारात मिळतात ते अ वर्गाचे शेअर, त्यांना एक मत. मालकांकडचे ब वर्गाचे, त्यांना दहा मतं. सासऱ्यांनी मोबाइल हातात घेऊन ती ओळ दोन बोटांनी मोठी करून वाचली, मग पुन्हा छोटी केली. सहकार खात्यात काढलेल्या त्यांच्या सबंध हयातीत असं पोटनियमात उघडपणे लिहायचं धाडस कोणी केलं नव्हतं. आपल्याकडे पुढच्या दोन रांगा बसवाव्या लागतात, चिवडा वाटावा लागतो. इथे 'मंजूर, मंजूर' कागदावरच छापून आलेलं.

मे २०२५ मध्ये युरोपा लीगची फायनल होती, बिल्बाओला, टॉटनहॅमबरोबर. इंग्लंडच्या लीगमध्ये आम्ही तेव्हा सोळावे, ते सतरावे. बड्या टीमच्या फायनलला इतक्या तळातली जोडी आणायची हेसुद्धा ऑफिसचंच कर्तृत्व. लग्नसराईमुळे सासरे आमच्याकडे होते. मे महिन्यात भुसावळात घरात कोणी झोपत नाही, रात्री साडेबाराला गच्चीची फरशीसुद्धा गरम लागते. तिथेच पाणी मारून, गाद्या टाकून, माठ उशाला घेऊन आम्ही तिघे मोबाइलवर मॅच बघत होतो. बेचाळिसाव्या मिनिटाला चेंडू कोणाच्या तरी अंगाला लागून, घरंगळत, आमच्या गोलमध्ये गेला. नाना तेव्हा पाणी पीत होते, सासरे पेंगत होते.

"काय झायं?" सासरे उठून बसले.

"गेलं," मी म्हणालो.

त्यानंतर अर्धा सामना बाकी होता, पण घडलं काहीच नाही. ०-१. लीग संपली तेव्हा आम्ही पंधरावे.

पहाटे तीनच्या सुमाराला नाना म्हणाले, "वही आन. निवेदन देऊ."

निवेदन सध्या पुढीलप्रमाणे तयार आहे. प्रति, मा. अध्यक्ष व संचालक मंडळ. विषय: सन २०१३ पासून समर्थकांच्या होत असलेल्या गैरसोयीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की. पहिली मागणी छताची. दुसरी कँटीनची, आणि फळं द्यायचीच असतील तर ती रावेर-यावलची, हे नानांनी कंसात टाकायला लावलं. तिसरी सासऱ्यांची: ब वर्गाचे शेअर काढून सर्वांना समान मत द्यावे, ते जमत नसल्यास ब वर्गाचे थोडे शेअर अमळनेरला विक्रीस काढावेत. शेवटी अर्थातच, मागण्या मान्य न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील.

अडलंय ते 'प्रत माहितीस्तव'पाशी. आंदोलनाचा इशारा दिला की एक प्रत हद्दीतल्या पोलिस ठाण्याला द्यावीच लागते, नाहीतर पोच मिळत नाही, असं नानांचं म्हणणं. म्हणून मी नकाशा उघडला. स्टेडियम मँचेस्टर शहराच्या हद्दीत नाहीच. ते शेजारच्या ट्रॅफर्ड नावाच्या बरोमध्ये येतं.

"म्हंजे नाव मँचेस्टर, आन ग्राउंड दुसऱ्या नगरपालिकेत?" नानांनी मोबाइलच्या काचेवर बोटाने दोनदा ठोकलं. "घरपट्टी कुठी भरतात ते पाह्य. ते पहिल्या नंबरला टाक, छत दुसऱ्या नंबरला घे."