दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं? मागचा टायर असा बदलत नाहीत हो

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल, दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नव्याने पुढे ढकलतंच. त्यात म्हटलंय की बाइकचा मागचा टायर घरीच बदला, दोन मोठे स्क्रू-ड्रायव्हर आणि साबणाचं पाणी पुरे, पंधरा मिनिटांचं काम, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) आणि बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) ही सगळी फॅडं, ऍक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, नट दाबून आवळला की विषय संपला. आता मी स्वतः माझे टायर घरीच बदलतो, त्यामुळे करू नका असं मी तरी सांगणार नाही. पण हा मेसेज वाचून कुणी पाना हातात घेऊ नका.

पंधरा मिनिटांचं सोडूनच द्या. रोज हेच काम करणाऱ्याला, मशीन असेल तर, जमत असेल. पहिल्यांदा करताय तर सुट्टीचा अर्धा दिवस मोकळा ठेवा.

स्क्रू-ड्रायव्हरने टायर निघतो का, तर निघतो, पण त्याचं टोक धारदार असतं. ट्यूबवाला टायर असेल तर नवी ट्यूब बसवता बसवताच चिमटीत सापडून फाटते, ट्यूबलेस असेल तर बीड, म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी जाड कड, सोलवटते नाहीतर अलॉय रिमला चर पडते आणि मग हवा हळूहळू जात राहते, पंक्चर कुठेच सापडत नाही. टायर लिव्हरचं, म्हणजे टायर उचकटायच्या खास पट्टीचं, टोक चमच्यासारखं गोलसर असतं ते यासाठीच, आणि रिमवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून लिव्हर लावली तर अजून बरं. पण मुळात एवढा जोर लागतोच का? रिमच्या मधोमध गोल फिरलेला एक खोलगट भाग असतो. लिव्हर जिथे लावलीय त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला गुडघे टेकवून बीड त्या खोलगट भागात दाबून धरायची, तेवढीच ढील इकडे मिळते आणि मघाशी हलत नव्हता तो टायर सुळकन वर येतो. लिव्हर वाकायला लागली की समजा समोरची बीड वर सरकलीय.

त्याआधी बीड रिमपासून सुटायला हवी, त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. ट्यूबलेसमध्ये ती अशी चिकटून बसते की उभं राहून नाचलात तरी ढिम्म. चाक आडवं ठेवून नाचू तर नकाच, खाली ब्रेकची डिस्क असेल तर वाकेल. चाकाखाली लाकडी ठोकळे घ्या, डिस्क अधांतरी राहिली पाहिजे.

साबणाचं पाणी मात्र अगदी बरोबर. फक्त त्याच्या जागी ग्रीस किंवा ऑइल नको, ते रबराला खातं आणि टायर रिमवर सरकू शकतो.

बॅलन्सिंगचा मुद्दा अर्धा मान्य. पुढच्या चाकाइतकं मागचं हँडलमध्ये जाणवत नाही. पण घरी करायला मशीन लागतं हे कुणी सांगितलं? ऍक्सल दोन टेकूंवर ठेवून चाक मोकळं सोडा, जड बाजू आपोआप खाली येते, समोर वजनाची पट्टी चिकटवा, चाक कुठेही थांबवलं तरी तिथेच राहिलं की झालं.

आता ते "दाबून आवळा". मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य हेच. एकतर आवळायच्या आधी आत काय काय गेलंय ते बघा. चाक काढताना दोन्ही बाजूंचे स्पेसर (ऍक्सलवर चाकाच्या बाजूला बसणाऱ्या छोट्या नळ्या) निसटून खाली पडतात आणि दिसायला जवळपास सारखेच असतात, माझा एक पहिल्याच वेळी बाइकखाली घरंगळत गेला होता आणि कुठल्या बाजूचा ते मला आठवेना. तेव्हापासून सुटा भाग निघेल तसा फोटो काढतो. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी असते, तिचा नट राहिला तर ब्रेक दाबल्यावर प्लेटच फिरते आणि चाक जाम होऊ शकतं, चालत्या गाडीवर म्हणजे काय ते सांगायला नको. नट किती आवळायचा तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, प्रत्येक गाडीचा वेगळा, आणि टॉर्क रेंच त्यासाठीच. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायची तारेची पिन) असेल तर नवी घाला.

चेनही तेव्हाच बघायची. खालच्या बाजूला मधोमध वर-खाली करून बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिमी ढील लागते, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. काहीजण चेन तारेसारखी ताणतात, मग खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणली जाते आणि तो भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. ऍक्सल आवळल्यावर ढील पुन्हा मोजा, बदलते.

मागे डिस्क असेल तर चाक बसवताना ब्रेक पॅड मागे ढकलले जातात, त्यामुळे पहिल्यांदा ब्रेकचं पेडल सरळ खालीच जातं. गाडी हलवायच्या आधी ते कडक होईपर्यंत पंप करा. नवा टायर शंभर-दीडशे किमी तरी निसरडा असतो, वळणावर लगेच झुकवू नका.

आणि हो, बऱ्याच टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो टायर चढवायच्या आधी बघायचा असतो. मी एकदा सगळं आवळून, चेन लावून, हात धुवून आल्यावर बघितला होता.