१५० ची खूण चुकली म्हणजे पोर कच्चं नव्हे
खानापूर-निपाणीकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘० ते १००० अशी रेघ मारा. मुलानं १५० ची खूण मध्याजवळ केली, तर ते गणितात कच्चं.’ हे चूक आहे.

रॉबर्ट सीग्लर आणि जॉन ऑपफर या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हेच मुलांकडून करवून घेतलं होतं. दुसरीतली मुलं १०० च्या रेघेवर बऱ्यापैकी सारखं अंतर राखत. १००० च्या रेघेवर मात्र लहान संख्यांना ऐसपैस जागा देत आणि मोठ्या संख्या उजव्या टोकाला दाटीनं बसवत. सहावीपर्यंत हे बहुतेक सुटतं. असं का होतं, यावर संशोधकांत वाद आहे, पण हा वयाचा टप्पा आहे, दोष नव्हे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहा. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी, कन्नड ‘इप्पत्तैदु’मध्ये वीस आधी. दोन्ही ऐकणाऱ्या पोराला संख्या नीट कळली का, हे आधी विचारा.

आणि कृपा करून लगेच ट्यूशन लावू नका. १५० ची खरी जागा दाखवा. २००७ मध्ये याच दोघांना दिसलं की तेवढ्यानं बऱ्याच मुलांचा अंदाज पूर्ण रेघेवर सुधारतो, कित्येकदा एकाच खेपेत.