बोटांवर मोजू द्या पोराला

गेल्या रविवारी धाकट्या भावाकडे गेलो. त्याचं पोरगं पहिलीत आहे. सपरीच्या पायरीवर बसलं होतं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मला वाटलं, थंडी वाजत असेल. समोर भावजय पाटी घेऊन.

"पाच आन् तीन किती?"

पोरगं आढ्याकडे बघत गप्प. माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. उजवा अंगठा जमिनीवर हळूहळू टेकत होता. आठ वेळा टेकला आणि आवाज आला, "आठ!"

"हात काऊन दाबून ठेवले त्याचे?" मी विचारलं.

"भाऊजी, ते बोटं मोजाची सवय मोडा लागते. व्हॉट्सॲपवर आलं हाये."

तिनं मोबाईल दाखवला. तोच मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनदा, गावच्या ग्रुपवर एकदा आणि माझ्याच वर्गातल्या एका आईकडून एकदा आलाय. 'पहिलीच्या पालकांनो सावधान' अशी सुरुवात. मग फर्मानं: बोटांवर मोजणाऱ्या मुलाचा मेंदू आळशी होतो, म्हणून त्याचे हात बांधून ठेवायची सवय लावा. पाच वर्षांच्या आत हातच्याची बेरीज यायलाच हवी. एक अधिक एकपासून दहा अधिक दहापर्यंत सगळं पाठ करून घ्या. मराठी आकडे सोडा, इंग्रजीत मोजा. ॲबॅकस, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर हिशेब शिकवणारा क्लास, लावा. मी सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवतोय. ग्रुपवर वाद नको म्हणून आजवर गप्प होतो. तो अंगठा पाहिल्यावर गप्प बसवेना.

आधी बोटांचं. बेरीज डोक्यात कशी उतरते ते रोज वर्गात दिसतं. सुरुवातीला पोरगं पाचसाठी पाच बोटं काढतं, तीनसाठी तीन काढतं आणि पुन्हा एकपासून सगळी मोजतं. काही महिन्यांनी त्याला कळतं की एका हाताची बोटं मोजायचं काम नाही, ती पाचच असतात. मग ते पाच मनात धरून 'सहा, सात, आठ' असं पुढं मोजतं. त्यानंतरची पायरी म्हणजे दोन अधिक सात विचारलं तरी सातपासून सुरू करणं. हे त्याला कोणी सांगत नाही, कंटाळा शिकवतो. आणि एक दिवस पाच नि तीन विचारल्याबरोबर आठ येतं. बोटं आपोआप सुटलेली असतात. हात मांडीखाली दाबल्यानं यातली एकही पायरी वाचत नाही. पोरगं पहिल्याच पायरीवर राहतं, फक्त लपून, पायाच्या अंगठ्यानं. वरून चुकतं, कारण अंगठा दिसत नाही आणि किती झाले ते ध्यानात राहत नाही.

माझ्या अनुभवावर विश्वास नसेल तर स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या संशोधकांचं काम बघा. २०२४ मध्ये 'चाइल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात आलं. पाच-सहा वर्षांची ३२८ मुलं. त्यांतल्या बोटं न वापरणाऱ्या मुलांना मुद्दाम बोटांवर मोजायला शिकवलं, तर त्यांची बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. मेसेजवाल्यानं ज्याला आळस म्हटलं, ते तिथं शिक्षकांनी शिकवलं!

आणि भावजयीबाईंचं काय? कापूस वेचणी चालू असली की संध्याकाळी बायांची गाठोडी काट्यावर चढतात. ही बाई डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत कोणाचे किती किलो, कोणाची किती मजुरी हे तोंडी सांगते. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा. हे मी तिला सांगितलं तर म्हणते, "ते येगळं." काय येगळं?

आता एक कबूल करतो, नाइलाजानं. तिसरी-चौथीतलं पोरगं सात अधिक पाचसाठी अजून एकपासून मोजत असेल तर ते अडकलंय, हे खरं. पण त्याला दहाच्या जोड्या द्या. सातला दहा व्हायला तीन लागतात, पाचातले तीन दिले, उरले दोन, झाले बारा. एका वाटीत दहा चिंचोके घ्या, थोडे मुठीत लपवा आणि लपवलेले किती ते विचारा. दहा मिनिटांचा खेळ आहे. हातावर पट्टी मारून हे येत नाही.

पाठांतराबद्दल भांडणार नाही. समजल्यावर पाठ झालं तर चांगलंच. पाच वर्षांत हातचा मात्र निव्वळ बाता. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या मुलाकडून १० पर्यंतचे अंक ओळखण्याची अपेक्षा आहे आणि पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या नि साधी बेरीज-वजाबाकी. ज्याला तेवीसमधला दोन म्हणजे दोन दहा हे कळलं नाही, त्याला हातचा एक म्हणजे कोणाचा एक?

मराठी आकड्यांच्या मुद्द्यात थोडा दम आहे. आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच ऐकू येतात, म्हणून पोरं ५२ लिहितात. एकोणतीसचे तर हमखास ३९ होतात. पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडली की तेलंगणात तेलुगूत 'इरवै ऐदु', म्हणजे सरळ वीस-पाच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस-पाच अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला. आज तीच अडचण दाखवून हेच लोक इंग्रजी सांगतात. पण इंग्रजीत फोर्टीन म्हणताना चारच आधी येतात, आणि थर्टीन-थर्टीचा घोळ कोणत्याही कॉन्व्हेंटवाल्याला विचारा. घरात जी भाषा बोलता तिच्यात मोजा, सोबत काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधा.

ॲबॅकस लावायचा तर लावा, पैसे तुमचे. त्या क्लासची पोरं हिशेब करताना हवेत बोटं नाचवतात, तेवढं एकदा बघून या.

भावजयीनं त्या दिवशी पोराचे हात सोडले. पण तिचा दुसरा प्रश्न होता, "शाळेत मॅडमबी हाताची घडी घालाले लावते, त्याले काय करू?" पोरगं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातं. सोमवारी अर्धी रजा टाकली आहे. मॅडमला भेटून येतो, चिंचोके सोबत नेतो.