एकच स्टार दिलेल्या ताईंना, चर्चच्या कौलांबद्दल

नमस्कार ताई. एक स्टार दिलात, द्या की. तुमचं म्हणणं असं की आम्ही चर्चचं छप्पर दुरुस्त करायला महिना सांगून अडीच महिने लावले, बिल वाढवलं, छप्पर दोन रंगाचं केलं आणि एवढं करून पहिल्याच पावसात अल्तारजवळ, म्हणजे वेदीपाशी, गळलं, त्यापेक्षा पत्रे मारले असते तर बरं.

आधी गळण्याचं बोलतो. ती चूक आमचीच. दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा कौलाखाली कमी सरकवला होता, मृगाचा पाऊस वाऱ्यासंगं आडवा आला आणि पाणी आत. फादरांचा फोन आला, दुसऱ्या दिवशी पोरं वर चढून पत्रा बदलून आली, रुपया घेतला नाही, हे लिहायचं तेवढं राहिलं बगा तुमचं.

आता उशीर. एस्टिमेट खालनं बघून दिलेलं ओ, कौलं उतरवल्यावर खरं कळलं. मागं कधीतरी कुणीतरी गळती थांबवायला भिंतीच्या कडेनं सिमेंट ठासलेलं, चुना ओल सोडतो पण सिमेंट कोंडून धरतं, त्यानं वाशांची टोकं आतनं कुजलेली, वरनं रंग एकदम ठणठणीत आणि स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत! असे अकरा वासे. त्याच्यावरच कौलं चढवली असती तर महिन्यात मोकळे झालो असतो की. कमिटीला फोटो दाखवले, त्यांनी हो म्हटल्यावरच सागवान आणलं, कुजलेलं तेवढं कापून जोड दिला, त्याला सुताराचे दिवस जातात.

दोन रंग म्हणजे जुनी आणि नवी कौलं. मंगळुरात १८६०च्या दशकात बासेल मिशनच्या परदेशी पाद्र्यांनी कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं निघतात, पण कारखाना वेगळा की खाच वेगळी, जुन्यात नवं बसतच नाही. म्हणून एकेक जुनं टिचकी मारून बघितलं, खणखणीत वाजलं ते पुढच्या उताराला, बद्द वाजलं ते बाजूला, नवीन सगळी मागं. मागं जाऊन फोटो काढलात होय तुम्ही?

आणि खानापूरच्या पावसात पत्रा... मिस्साची प्रार्थना चालू असताना फादरांचा एक शब्द ऐकू आला नसता, एप्रिलात वर भट्टी ती वेगळीच.

मागच्या खोलीत चांगली जुनी कौलं रचून ठेवलीत, वानरांनी फोडली की तीच लावायला सांगा, आणि कडेला सिमेंट नको म्हणावं.